गाडी घाट चढेना? टर्बो बदलण्याआधी हवेचा रस्ता तपासा



मलकापूरहून खताची पोती भरून निघालेली पिकअप राजूर घाटात एकदम दम सोडते. काळा धूर येतो, डिझेल जास्त लागते. मग कुणी सांगतो, "टर्बो गेला, नवा टाका." हा खर्च हंगामाची कमाई खाऊन टाकतो. पुष्कळदा दोष मात्र फाटक्या नळीचा किंवा ढिल्या क्लॅम्पचा असतो.

टर्बोचे काम : इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक स्वच्छ हवा दाबून इंजिनात भरते. या दाबाला बूस्ट प्रेशर म्हणतात. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. दाब कमी पडला की डिझेल पुरते जळत नाही आणि ओढ जाते. बुलढाण्याच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्के विरळ असते, पण टर्बो ती उणीव बहुतांशी भरून काढतो. तेव्हा घाटाला दोष देऊ नये.

आधी हे ओळखा : इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच पाहा. ओढ नाही आणि धूरही नाही, तर डिझेल फिल्टर तुंबला असेल. काळा धूर आणि सूं-सूं आवाज असेल, तर हवा कमी पडते आहे असे समजा. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर गाळला जातो. तिथे धुराऐवजी डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पाहावा.

तपासणीचा क्रम (इंजिन बंद आणि थंड करूनच) :

१. एअर फिल्टर. मळणीच्या दिवसांत तो भुशाने लवकर तुंबतो. खराब असेल तर बदला. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नका. धूळ टर्बोची पाती खाते.

२. टर्बोपासून इंटरकूलर आणि पुढे इंजिनापर्यंतच्या नळ्या. हाताने दाबून, वाकवून पाहा. खालची बाजू विसरू नका. जोडावर तेलकट धूळ बसली असेल तर तिथून हवा निसटते. क्लॅम्प आवळा. इंटरकूलरला भेग आहे का तेही बघा.

३. व्हॅक्यूमची बारीक नळी. गाडी धान्याच्या कोठाराजवळ उभी असेल तर उंदीर ती कुरतडतात. नळीचा खर्च किरकोळ, पण ती फाटली तर टर्बोचा दाब सांभाळणारा अ‍ॅक्च्युएटर चालत नाही. त्याची काडी अडकलेली नाही ना, हेही मिस्त्रीकडून पाहून घ्या.

४. इंजिन आणि टर्बो यांमधला जोड. तिथे काजळी दिसली, टिक-टिक आवाज आला, तर टर्बो फिरवणारा धूरच वाया जातो. सायलेन्सर तुंबला असेल तरीही ओढ कमी होते.

५. सर्वांत शेवटी टर्बो. शोषणाकडची नळी काढून चाक बोटाने हळू फिरवा. आडवी किंचित हालचाल चालते. पाती कडेला घासत असतील, तुटली असतील किंवा दांडा आत-बाहेर हलत असेल, तरच टर्बो खराब समजावा.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर वर्कशॉपमध्ये बूस्टचा दाब मोजून घ्या आणि कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा पाहिल्याशिवाय नव्या टर्बोला होकार देऊ नये.

टर्बो टिकवायचा तर : त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तोही इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. म्हणून योग्य ऑइल वेळेवर बदला. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका; एक-दोन मिनिटे इंजिन हळू चालू द्या, मग बंद करा.

क्रम लक्षात ठेवा : फिल्टर, नळ्या, व्हॅक्यूम, जोड आणि मगच टर्बो.