जीवसृष्टीचा कच्चा माल : आदिम पृथ्वीवरील रासायनिक घडामोडी

बेंगळुरूमधील कोरमंगला या उपनगराची आजची ओळख माहिती तंत्रज्ञान आणि नवउद्योगांशी निगडित आहे. याच परिसरात भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे मुख्यालय आहे. १७८६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या वेधशाळेची परंपरा सांगणारी ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. वेणू बाप्पू यांनी १९४९ मध्ये, हार्वर्ड येथे विद्यार्थी असताना, एक नवा धूमकेतू शोधला होता. त्या काळी धूमकेतू हा प्रामुख्याने खगोलशास्त्राचा विषय मानला जात असे. आज मात्र रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही शाखांना त्यात रस आहे. कारण जीवसृष्टीला लागणारा रासायनिक कच्चा माल कोठून आला, या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग धूमकेतू व लघुग्रहांमध्ये दडलेला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

येथे दोन प्रश्नांची गल्लत होण्याचा संभव असतो. सजीव कसा निर्माण झाला, हा एक प्रश्न. आणि सजीवाचे घटक रेणू कसे निर्माण झाले, हा त्याच्या आधीचा प्रश्न. दुसऱ्या प्रश्नात विज्ञानाने बरीच मजल मारली आहे, तर पहिला अद्याप खुला आहे. घटक रेणूंचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात : प्रथिने घडविणारी अमिनो आम्ले, न्यूक्लिइक आम्लांतील नत्रयुक्त आधाररेणू, शर्करा आणि पेशीपटल तयार करणारी मेदाम्ले.

पृथ्वीचे वय सुमारे ४.५४ अब्ज वर्षे आहे. ऑस्ट्रेलियातील सुमारे ४.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या झिरकॉन स्फटिकांवरून त्या काळीही पाणी अस्तित्वात असावे, असे अनुमान निघते. सुमारे ३.५ अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांचे अवशेष आढळतात. म्हणजेच ही सारी रासायनिक जुळवाजुळव या दोन टप्प्यांच्या दरम्यान झाली असली पाहिजे. वातावरणात मुक्त ऑक्सिजन साठण्यास सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी प्रारंभ झाला. त्याआधी ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, ही बाब निर्णायक ठरते. कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात असे रेणू फार काळ टिकत नाहीत.

हाल्डेन, मिलर आणि अलाहाबाद

रशियन शास्त्रज्ञ ओपॅरिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे असे मत मांडले की, ऑक्सिजनविरहित वातावरणात सूर्याची अतिनील किरणे व विजा यांच्या ऊर्जेमुळे साध्या वायूंपासून सेंद्रिय रेणू घडले आणि ते समुद्रात साठत गेले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

या कल्पनेला प्रयोगाचा आधार १९५३ मध्ये मिळाला. शिकागो येथे हॅरॉल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली स्टॅन्ले मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विद्युत ठिणग्या सोडल्या. काही दिवसांतच पाण्यात अमिनो आम्ले आढळली. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, अलाहाबाद विद्यापीठातील प्रा. कृष्ण बहादूर यांनी सूर्यप्रकाशाच्या साह्याने अमिनो आम्ले तयार झाल्याचा निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या सूक्ष्म कणांना ‘जीवाणू’ असे नाव दिले. मात्र ते कण सजीवसदृश आहेत, हा दावा वैज्ञानिक जगताने स्वीकारला नाही.

१९६० च्या सुमारास हुआन ओरो यांनी हायड्रोजन सायनाइडपासून ॲडेनीन हा आधाररेणू मिळविला. एरवी घातक विष असलेल्या या पदार्थाचे पाच रेणू एकत्र आले की ॲडेनीनचा एक रेणू होतो. फॉर्माल्डिहाइडपासून शर्करा बनतात, हे तर बुटलेरोव्ह यांनी १८६१ मध्येच दाखविले होते.

आक्षेप आणि दुरुस्ती

कालांतराने भूशास्त्रज्ञांनी मिलर यांच्या गृहीतकावर आक्षेप घेतला. ज्वालामुखींतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा विचार करता आदिम वातावरणात मिथेन व अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. अशा मिश्रणात अमिनो आम्लांचे उत्पादन खूपच घटते. मात्र पाण्याची आम्लता नियंत्रित ठेवली आणि ऑक्सिडीकरण रोखले, तर ते पुन्हा वाढते, असे २००८ मधील प्रयोगांत आढळले. त्याच वर्षी मिलर यांच्या जुन्या कुप्यांची आधुनिक उपकरणांनी फेरतपासणी झाली. ज्वालामुखीसदृश परिस्थितीच्या प्रयोगातील नमुन्यांत २२ अमिनो आम्ले सापडली.

आकाशातून झालेला पुरवठा

२८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले आढळली आहेत. अशनी जमिनीवर पडल्यावर दूषित होण्याची शंका राहते. ‘बेन्नू’ या लघुग्रहावरून सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेल्या सुमारे १२१ ग्रॅम नमुन्याने ती बऱ्याच अंशी दूर केली. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सजीवांच्या प्रथिनांतील २० अमिनो आम्लांपैकी १४ आणि न्यूक्लिइक आम्लांतील पाचही आधाररेणू त्यात आहेत. मात्र सजीव जवळजवळ केवळ डाव्या घडणीची अमिनो आम्ले वापरतात, तर बेन्नूवर डावी व उजवी रूपे जवळपास सारख्या प्रमाणात आहेत. ही निवड पृथ्वीवर कशी झाली, हे कोडे त्यामुळे अधिकच गडद झाले आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवावा. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनद्वारे ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. तो शोध अवकाशातून येणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. बेन्नूवर सापडले ते रेणू, सजीव नव्हेत.

साठा, प्रवाह आणि पाण्याचा पेच

अर्थशास्त्रात उत्पादनाचा आकडा पुरेसा नसतो. साठा किती टिकतो, हेही पाहावे लागते. येथेही तेच लागू पडते. रेणू घडत होते तसे उष्णतेने व किरणांनी मोडतही होते. शिवाय विशाल समुद्रात ते इतके विरळ होणार की परस्परांशी गाठ पडणे कठीण. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. म्हणून भोवताली पाणी मुबलक असेल तर ही क्रिया उलट दिशेला झुकते. जीवनासाठी पाणी हवे, पण रेणूंच्या साखळ्या जोडताना ते आड येते, असा हा पेच आहे.

समुद्रतळाच्या उष्ण झोतांभोवतीचे सच्छिद्र खडक हे यावरचे एक संभाव्य उत्तर मानले जाते. दुसरे उत्तर जमिनीवरील गरम पाण्याच्या झऱ्यांचे. काठावरचे डबके आटते, रेणू दाटीवाटीने एकत्र येतात, जोडले जातात. पुन्हा पाणी येते आणि चक्र चालू राहते. वज्रेश्वरीसारखे झरे महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांना अधिक उपयुक्त वाटतो तो लडाख. कोरमंगलाच्या संस्थेची हानले येथील, सुमारे ४,५०० मीटर उंचीवरील दुर्बीण ज्या चांगथांग प्रदेशात आहे, तेथेच पुगा खोरे आहे. हवा विरळ, अतिनील किरणे तीव्र आणि जमिनीतून उकळते पाणी, असा तेथील योग आहे. पुण्याच्या ‘आयसर’मधील डॉ. सुधा राजमणी यांच्या गटाने लडाखच्या झऱ्यांचे पाणी वापरून केलेले प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मेदाम्ल आणि त्याचे ग्लिसरॉलयुक्त रूप यांच्या मिश्रणातून तपासलेल्या सर्व झऱ्यांच्या पाण्यात पटलयुक्त सूक्ष्म पिशव्या तयार झाल्या. पुग्यात टाकणखारही मुबलक आहे. एरवी लवकर विघटित होणारी रायबोज ही शर्करा बोरॉनच्या क्षारांमुळे स्थिर राहते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आहे. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना २०२५ मध्ये पुग्यातील चुनखडीच्या थरांत अमिनो आम्लांपासून बनलेली संयुगे व मेदाम्ले जतन झालेली आढळली.

एक खोरे, दोन उपयोग

मात्र पुगा हे भूऔष्णिक ऊर्जेसाठीही देशातील अत्यंत आशादायक ठिकाण आहे. एक मेगावॉटच्या पथदर्शी प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी एनर्जी सेंटर, लडाख प्रशासन आणि लेह स्वायत्त पर्वतीय विकास परिषद यांच्यात करार झाला. कडाक्याच्या हिवाळ्यात जगणाऱ्या तेथील रहिवाशांना स्वच्छ आणि अखंड ऊर्जा मिळणे ही रास्त गरज आहे. ती शास्त्रीय कुतूहलापेक्षा गौण ठरविता येणार नाही. परंतु वेधनामुळे झऱ्यांचे प्रवाह बदलू शकतात आणि विस्कळीत झालेले खनिजथर पूर्ववत करता येत नाहीत. केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये दाखविल्याप्रमाणे, परिणाम अपरिवर्तनीय असतील आणि नवी माहिती मिळण्याची शक्यता असेल, तर पर्याय खुला ठेवण्यालाही आर्थिक मूल्य असते. हे मूल्य प्रकल्पाच्या ताळेबंदात आपोआप दिसत नाही. ते जाणीवपूर्वक मोजावे लागते.

याचा अर्थ प्रकल्प थांबवावा असा नाही. वेधनापूर्वी झऱ्यांच्या पाण्याची व थरांची पद्धतशीर नोंद करणे, नमुने जतन करणे आणि निवडक झऱ्यांभोवती संरक्षित पट्टा राखणे, हा मध्यम मार्ग उपलब्ध आहे. भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यामागील विचार येथे मार्गदर्शक ठरावा. बेन्नूवरून शंभर-सव्वाशे ग्रॅम माती आणण्यासाठी सात वर्षांची अवकाशमोहीम आखावी लागली. आदिम पृथ्वीशी साधर्म्य असलेले एक खोरे मात्र आपल्या सीमेच्या आतच आहे. त्यातून ऊर्जा घेताना ते वाचण्याची संधी गमावू नये, एवढी दक्षता नियोजनकर्त्यांनी घेणे आवश्यक आहे.