सौम्य साबण कशास म्हणावें?

बालाघाटच्या माळावर हिंवाळ्याचा कोरडा वारा सुटला म्हणजे आपल्या भूमच्या मुलांचे गाल व हात उलूं लागतात. मळ राहिल्यामुळेंच असें झालें, अशा समजुतीनें पुष्कळ घरीं साबण अधिकच चोळला जातो. त्यानें त्वचा आणखी फुटते. असें कां होतें, हें कळण्यास साबणाचा स्वभाव पाहिला पाहिजे.

तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगानें साबण होतो. त्याच्या कणाचें एक टोंक पाण्यास जवळ करतें, दुसरें तेलास. तेलकट मळास हे कण चहूंकडून वेढितात व पाण्याबरोबर वाहून नेतात. परंतु साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे तें अल्कधर्मी. त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित् आम्लधर्मी, सुमारें ५ सामूचा. मळाबरोबर त्वचेचें स्वतःचें स्निग्ध आवरणहि जातें व ओलावा टिकत नाहीं. त्यांत काळ्या खडकांतील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा दुष्फेन. त्यांतील कॅल्शियमशीं साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेचा पांढुरका थर तोच, आणि तोच अंगावरहि राहतो.

यावर रसायनज्ञांनीं योजिलेला एक उपाय मोठा मनोरंजक आहे. दूध, डाळ, अंडें यांतील प्रथिनें ज्या विटांनीं रचलेलीं असतात, त्या विटा म्हणजे अमिनो आम्लें. खोबरेलांतील मेदाम्ल अशा एका आम्लाच्या नत्रास जोडिलें कीं दोन टोंकांचा नवा कण तयार होतो. ग्लुटामिक आम्लापासून केलेलें द्रव्य ५ ते ६ सामूवरहि आपलें काम करतें, त्वचेंतील प्रथिनांस कमी बाधतें, आणि दुष्फेन पाण्यांत साबणाइतका साका धरीत नाहीं.

हें आम्ल १८६६ सालीं रिटहाउझेन या जर्मन रसायनज्ञानें गव्हाच्या चिकट प्रथिनापासून वेगळें केलें. आज तें उसाच्या मळीवर सूक्ष्म जंतु पोसून करितां येतें. मळी आपल्या जिल्ह्यास अपरिचित नाहीं! त्यापासूनचीं शोधक द्रव्यें जपानच्या अजिनोमोटो कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणिलीं. आपल्याकडे १९८० सालीं स्थापन झालेली नवी मुंबईची गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनी ग्लायसीन या अमिनो आम्लापासून अशीं द्रव्यें करते. सर्व भावंडें सारखीं नव्हेत. ग्लायसीनच्या द्रव्यास फेंस चांगला येण्यासाठीं थोडा अल्कधर्मी द्रव लागतो.

पालकांनीं वेष्टनावरील 'सौम्य' या मोठ्या अक्षरांवर भुलूं नये. मागील बारीक अक्षरांत 'कोकोइल ग्लुटामेट' किंवा 'कोकोइल ग्लायसिनेट' हें नांव आरंभीं आहे कीं शेवटीं, तें पाहावें. घटक सामान्यतः उतरत्या प्रमाणानें छापितात. आरंभीं सोडियम लॉरिल सल्फेट व शेवटीं हें नांव असेल, तर पैसे बहुतेक नांवाचेच जातात. फेंस थोडा म्हणून मळ थोडा निघतो, हीहि समजूत खरी नव्हे.

हीं द्रव्यें महाग आहेत. ज्या घरास तीं झेपत नाहींत, तेथें थंडीच्या दिवसांत साधा साबण कांखा, जांघा व पाय यांसच लावावा, बाकीचें अंग कोमट पाण्यानें धुवावें, आणि तें किंचित् ओलें असतांच थोडें तेल चोळावें. शौचानंतर व जेवणापूर्वीं हात मात्र साबणानेंच धुवावे. तेथें काटकसर नको.