पाळण्यातले पिल्लू

रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात वाढवलेली मांजरीची दोन पिल्ले ते रोज काही तास एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना जोडत. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरे पाळण्यात बसून तेवढेच फिरे. भोवतीच्या गोल भिंतीवरचे पट्टे दोघांनाही सारखेच दिसत. पुढे चाचणीत चालणाऱ्या पिल्लाने काचेखाली दिसणारी खोल बाजू टाळली; पाळण्यातल्याला ती ओळखता आली नाही. त्याचे डोळे शाबूत होते, पण पाहिलेल्याची पावलांशी गाठ पडली नव्हती. मोकळे सोडल्यावर मात्र तेही काही दिवसांत शिकले.

आजची भाषायंत्रे बव्हंशी पाळण्यातल्या पिल्लासारखी आहेत. चटका, भूक, वियोग यांविषयी माणसांनी लिहिलेले त्यांनी अफाट वाचले. भोगले काहीच नाही.

मग यंत्राला अनुभव अशक्यच का? तसेही नाही. 2017 मधील ‘अल्फागो झीरो’ला गो या खेळाचे केवळ नियम दिले होते. स्वतःशीच लाखो डाव खेळून त्याने ली सेडॉलला हरवणाऱ्या आधीच्या आवृत्तीवर 100-0 अशी मात केली. चुकत चुकत शिकणे यंत्रालाही साधते. फरक इतकाच की, हरलेल्या डावात त्याचे काही जात नव्हते.

म्हणून यंत्राचा सल्ला घेताना त्याचे वाचन किती, एवढे विचारून भागणार नाही. सल्ला चुकला तर किंमत कोण मोजणार, हेही विचारावे लागेल. आजतरी ती आपणच मोजतो.