गुरुजी यंत्राकडे कां वळतात?

वर्गांत नवें यंत्र आलें कीं आपल्या घरांत दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, पाटीवर शिकून आम्ही कांहीं अडाणी राहिलों नाहीं; नातवाच्या मतें पडदा नाहीं ती शाळाच नव्हे. शिक्षकास या वादांत फारसा रस नसतो. समोरच्या मुलाला धडा कां कळत नाहीं, एवढाच त्याचा प्रश्न. आणि त्याचें उत्तर खडूनें मिळेनासें झालें म्हणजे तो यंत्राकडे वळतो, असें आम्हांस वाटतें.

श्री. रणजितसिंह डिसले २००९ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत आले. इमारत मोडकळीस आलेली; पुष्कळ मुलांची घरची भाषा कानडी, आणि पाठ्यपुस्तकें त्या भाषेंत नव्हतीं. गुरुजी कानडी शिकले. त्यांनीं पुस्तकें मुलांच्या भाषेंत उतरविलीं आणि त्यांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, बसविले. मोबाईल त्यावर धरला कीं कविता ऐकूं येते, पाठ डोळ्यांपुढें उभा राहतो. भाषा शिकण्याचे कष्ट मात्र गुरुजींनाच करावे लागले. ते कोणतेंहि यंत्र करून देत नव्हतें.

यांत खरा लाभ कोणता? वर्गांत एकदां उच्चारलेलें वाक्य हवेंत विरून जातें. चुणचुणीत मूल तें झेलतें. मागें पडलेलें मूल पुन्हां विचारण्यास लाजतें. (या लाजेपायीं आपल्यापैकीं कितीजण गणितांत कच्चे राहिले, तें ज्याचें त्यानें आठवावें!) यंत्राला दहा वेळां विचारलें तरी तें कपाळाला आठी घालीत नाहीं. शिवाय शेजारीं बसलेल्या आईलाहि, वाचतां येत नसलें तरी, मूल काय शिकतें आहे तें उमगतें.

२०२० सालीं डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालें. दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस देण्याचें जाहीर केलें. तत्पूर्वींच, २०१७ सालीं, राज्य सरकारनें सर्व पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचें ठरविलें होतें. म्हणजे एका शिक्षकानें गरजेपोटीं हेरलेलें साधन इतरांकडे वरून आलें. दोहोंत अंतर आहे. वरून आलेलें यंत्र पुष्कळदां कपाटांतच राहतें. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण-अहवालानेंहि हेंच विचारलें आहे: हें साधन नेमकें कोणाच्या अटींवर?

आणखी एक अडचण घरची आहे. २०२० सालीं कोरोनामुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां कित्येक घरीं पुस्तक मुलापाशीं होतें आणि मोबाईल वडिलांबरोबर कामावर गेलेला; धडा सुरू होई तो रात्रीं, वडील परतल्यावर.