बांबूउडी : पोलाची निवड आणि उडी मारणाऱ्याची काळजी

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमच्या धाकट्या बंधूंची नात, वय वर्षे चौदा, हिने रात्रीच्या पंगतीत जाहीर केले की, तिला बांबूउडी शिकावयाची आहे. तिच्या आजीच्या हातातील डाव वाढता वाढता थांबला. "मुलीच्या जातीने असल्या उड्या कशाला मारावयाच्या?" हा आजीचा प्रश्न, "आणि हातपाय मोडला तर?" हा तिच्या आईचा. शेवटी सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. कारण घरात वडील आम्ही, आणि बत्तीस वर्षे शाळेत घालविलेलेही आम्हीच. आम्ही मात्र त्या रात्री काहीच बोललो नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २००० सालच्या सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची बांबूउडी प्रथम समाविष्ट झाली, आणि २००५ साली लंडन येथे रशियाच्या येलेना इसिनबायेवा हिने पाच मीटरांची, म्हणजे सुमारे साडेसोळा फुटांची उंची ओलांडली. तेव्हा हा खेळ मुलींचा नव्हे, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. आईचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ह्या लेखाचा विषय तोच आहे.

आता आमचे कारण सांगतो. १९९१ साली आम्ही एका तालुक्याच्या गावी संस्कृत शिकवीत होतो. वार्षिक क्रीडास्पर्धा तोंडावर आल्या असता व्यायामशिक्षक रजेवर गेले, आणि मैदानाची देखरेख आमच्याकडे आली. बुरूड आळीतून निवडून आणलेला एक लांब, जाड बांबू, वाळूचा हौद, आणि बांबू रोवण्यासाठी खणलेला एक खळगा, एवढीच सामग्री. दहावीतील एक धिप्पाड मुलगा त्या बांबूवर सुरेख उडी मारी. ते पाहून आठवीतील एक किडकिडीत मुलगा पुढे आला. त्याने बांबू अगदी वरच्या टोकाशी धरला, धावत आला, आणि बांबू रोवताच कचरला. आम्ही त्यास म्हणालो, "भितोस काय? जोराने ये!" बिचारा जोराने आला. बांबू अर्ध्यावर उभा राहिला, क्षणभर डुगडुगला, आणि मुलासकट मागे कलंडला. पुढे वाळू होती; तो पडला मागच्या कठीण जमिनीवर. त्याच्या गळ्याचे हाड मोडले. ते दीड महिन्यात सांधले. परंतु आमच्या मनातील सल गेली नाही. पुष्कळ वर्षे आम्ही समजत होतो की, मुलगा भ्याला म्हणून पडला. तो मुलगा भ्याला नव्हता; तो बांबू त्याचा नव्हता. ही गोष्ट आम्हांस कळावयास फार उशीर लागला, आणि ती इतर पालकांस वेळेवर कळावी एवढ्याचसाठी हा खटाटोप.

ह्या खेळाचे मर्म असे आहे. उडी मारणारा धावून जो वेग मिळवितो, त्याचे रूपांतर उंचीत करण्याचे साधन म्हणजे हातातील दांडा. तो टोकाशी रोवला की त्याला उभे व्हावयाचे असते, आणि उभा होऊन पलीकडे झुकावयाचे असते. धावणाऱ्याचा वेग, त्याचे वजन, आणि त्याने दांडा किती उंचीवर धरला आहे, ह्या तीन गोष्टींचा मेळ बसला तर दांडा उभा होतो. न बसला तर मध्येच अडतो आणि स्वाराला आल्या वाटेने परत पाठवितो. पकड जितकी वर, तितका वेग अधिक हवा. आमच्या विद्यार्थ्याने थोराची पकड घेतली होती. पाय मात्र त्याचे स्वतःचेच होते.

दांडा कशाचा असावा, ह्यात शंभर-सव्वाशे वर्षांत मोठी क्रांती झाली. इंग्लंड आणि हॉलंड येथील दलदलीच्या मुलखात लोक चर ओलांडण्यासाठी काठ्या वापरीत. एकोणिसाव्या शतकातील खेळाडूंचे दांडे भरीव लाकडाचे व जड असत. विसाव्या शतकाच्या आरंभी हलका बांबू आला. अमेरिकेचा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम ह्याने १९४० साली बांबूच्याच साहाय्याने पंधरा फुटांची उंची प्रथम ओलांडली, आणि १९४२ साली ४.७७ मीटरांचा विक्रम केला. तो १९५७ पर्यंत अबाधित राहिला. पुढे धातूचे दांडे आले; १९६० साली रोम येथे डॉन ब्रॅग ह्याने अॅल्युमिनियमच्या दांड्यावर सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर लवकरच काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा, पोकळ पोल आला, आणि खेळाचे रूपच पालटले. हा पोल धनुष्यासारखा वाकतो, धावण्याची शक्ती आपल्यात साठवितो आणि सरळ होताना ती परत करतो. १९८५ साली पॅरिस येथे सर्गेई बुबका सहा मीटरांवरून गेला. २०२४ साली त्याच शहरी ऑलिंपिक सामन्यांत स्वीडनच्या आर्मांड ड्युप्लांटिस ह्याने ६.२५ मीटर उंची गाठली. आपल्या देशातही फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मध्य प्रदेशच्या देवकुमार मीणा ह्याने ५.३२ मीटरांची उडी मारून एस. शिवा ह्याचा ५.३१ मीटरांचा विक्रम मागे टाकला. मराठीत खेळाचे नाव बांबूउडीच राहिले; बांबू मात्र गेला.

आता निवडीकडे वळू. प्रत्येक चांगल्या पोलावर दोन आकडे छापलेले असतात : लांबी, आणि तो किती वजनाच्या माणसासाठी आहे ते. उदाहरणार्थ, एखाद्या पोलावर १२ फूट व १३० पौंड असे असेल, तर तो ३.६६ मीटर लांब असून, वरच्या टोकाशी नेमून दिलेल्या जागी पकड घेतली असता सुमारे ५९ किलोपर्यंतच्या माणसास पेलेल, असा त्याचा अर्थ. पुष्कळ पोलांवर लवचिकतेचा तिसरा आकडाही असतो. पोल दोन आधारांवर ठेवून मध्यभागी ५० पौंड, म्हणजे सुमारे २२.७ किलो वजन टांगतात, आणि तो किती सेंटिमीटर वाकतो ते मोजतात. येथे अनेकांची फसगत होते. आकडा जितका लहान, तितका पोल ताठ, हे लक्षात ठेवावे.

खेळाडूच्या वजनाहून कमी वजनाचा पोल घेतला तर तो वाजवीपेक्षा अधिक वाकतो; मग तो तुटण्याचे किंवा खेळाडूला भलतीकडे भिरकावण्याचे भय असते. म्हणून अमेरिकेतील शालेय स्पर्धांत नियमच आहे की, मुलाचे वजन पोलावरील आकड्यापेक्षा जास्त असता कामा नये. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पोलाची लांबी, जाडी वा द्रव्य ह्यांवर असे बंधन नाही. तेथे खेळाडू जाणता आहे असे गृहीत धरलेले असते. आपली मुले जाणती होईपर्यंत शालेय नियम पाळणेच शहाणपणाचे.

परंतु ह्यावरून "जड वजनाचा पोल घ्यावा, म्हणजे काळजी नको" असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आमचीच चूक पुन्हा करील. फार ताठ किंवा फार लांब पोल नवशिक्याकडून वाकत नाही, उभाही होत नाही, आणि त्यास मागे फेकतो. नवशिक्याला आखूड पोल, खालची पकड आणि चार-सहा पावलांची धाव पुरे. आरंभी पोल वाकविण्याचा हव्यासच धरू नये. ताठ पोलावर नुसते पलीकडे झुलून जाणे अंगवळणी पडले की वेगाबरोबर वाकणे आपोआप येते. पकड चढवावयाची ती थोडी थोडी, आणि दर वेळी पोल सहज उभा होतो आहे असे पाहून. मूल वाढते, त्याचे वजन व वेग वाढतो. पायातील वहाण जशी दरसाल बदलावी लागते, तसा पोलही बदलावा लागतो. म्हणून मैदानावर एकच उत्तम पोल असण्यापेक्षा पायरीपायरीने चढते असे अनेक पोल असणे बरे. एका पोलावर दहा मुलांस उड्या मारावयास लावणे, ही आमच्या मते ह्या खेळातील सर्वांत मोठी जोखीम होय. आणि तिचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसून काटकसर असते.

पोलाची निगाही तितकीच महत्त्वाची. काचतंतूंच्या पोलावर खिळ्यांच्या बुटांचा एक ओरखडा किंवा दगडावर आपटून पडलेली खोक पुढे तुटण्याचे मूळ ठरू शकते. पोल जमिनीवर टाकू नये, ओलांडताना त्यावर पाय देऊ नये, वापर संपताच पिशवीत वा नळीत ठेवावा. प्रत्येक सरावापूर्वी त्यावरून हात फिरवून पाहावे, आणि बुडाशी असलेले रबरी टोपण झिजले नाही ना, तेही पाहावे. आखूड हवा म्हणून लांब पोल करवतीने कापणे हा तर आत्मघात. कापलेल्या पोलावरील आकडा खोटा होतो. पोल कधी काळी तुटणारच नाही, असे मात्र मानू नये. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या लाझारो बोर्हेस ह्याचा पोल उडी मारतानाच तीन तुकडे होऊन मोडला. तो सुदैवाने बचावला.

मात्र ह्या खेळात खरे भय उंचीचे नसते. उंचावरून मऊ गादीवर पडणाऱ्यास सहसा काही होत नाही; गादी चुकते त्यास होते. पोल ज्या पेटीत रोवतात तिची लांबी एक मीटर, आणि ती जमिनीत बसविलेली, कठीण. मागे परतणारा खेळाडू नेमका तेथेच येतो. २००२ साली अमेरिकेतील एका विद्यापीठीय स्पर्धेत एक तरुण असाच डोक्यावर पडून मरण पावला. त्यानंतर तेथे गाद्या मोठ्या करण्याचा नियम झाला. पुढे पेटीभोवती मऊ कड बसविणेही शालेय स्पर्धांत आवश्यक ठरले. २०१५ साली ऑस्ट्रियाची राष्ट्रीय विजेती किरा ग्रूनबर्ग सरावाच्या वेळी पडून मानेस इजा झाल्याने कायमची पंगू झाली. ती नवशिकी नव्हती, हे विशेष ध्यानात घ्यावे.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गादी किमान सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व ऐंशी सेंटिमीटर उंच लागते. शिवाय पेटीच्या दोन्ही अंगांस पुढे आलेले तिचे भाग निराळे. गाद्यांत फटी नसाव्यात, उभ्या खांबांची बुडे झाकलेली असावीत. आडवी दांडी पेटीच्या मागच्या कडेपासून ऐंशी सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकविता येते. नवशिक्यासाठी ती दूरच ठेवावी, म्हणजे तो गादीच्या मध्याकडे जातो. सरावात दांडीऐवजी रबरी दोरी बांधल्यास उत्तम.

खेळाडूने स्वतः पाळावयाचे नियम थोडे पण कडक आहेत. उजव्या हाताच्या माणसाने उजवा हात वर धरावा आणि डाव्या पायाने उसळी घ्यावी. पोल रोवण्यापूर्वी हात डोक्यावर पूर्ण ताणलेले असावेत. पावले चुकली असे वाटताच उडी न मारता तसेच धावत पुढे जावे. त्यात लाज कसली? हवेत अडकल्यास घाबरून हात सोडू नयेत. पोल धरून ठेवल्यास पायांवर उतरण्याची आशा असते. ओला पोल, भोवऱ्याचा वारा आणि थकलेले अंग, ह्यांपैकी एक जरी असेल तरी त्या दिवशी उडी नको. आणि जाणता शिक्षक जवळ नसता एकट्याने उडी कधीच नको.

एवढे सर्व वाचून, विचारून झाल्यावर आम्ही नातीस घेऊन मैदान पाहावयास निघालो. पहिल्या ठिकाणी चार प्रश्न विचारले : पोल किती? मुलीचे वजन कोण करतो? गादी केवढी? पेटीभोवती काय आहे? तेथील शिक्षक भले गृहस्थ होते; पण पोल एकच होता, आणि "आजोबा, मुले शिकतात हळूहळू," हे त्यांचे उत्तर होते. आम्ही नातीस परत आणले. ती दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. दुसरे मैदान घरापासून दूर होते. तेथील शिक्षिकेने आमचे प्रश्न संपण्यापूर्वीच मुलीस वजनकाट्यावर उभे केले, भिंतीशी ठेवलेल्या आठ-दहा पोलांतून सर्वांत आखूड एक काढला, आणि त्यावर खडूने पकडीची खूण केली. आम्ही घरी येऊन भावजयींस सांगितले, "आता पाठवावयास हरकत नाही."

पहिले तीन आठवडे तिने वाळूतच झोके घेतले, आणि कंटाळून कुरकुरलीही. एके दिवशी ती पकड न विचारता चढवू लागली, तेव्हा शिक्षिकेने शांतपणे पोल काढून घेतला. घरी येऊन नात म्हणाली, "बाई मला भित्री समजतात." आम्ही तिला तेव्हा १९९१ ची हकीकत सांगितली, ती आजवर घरात कोणास सांगितली नव्हती. ती ऐकून घेऊन ती इतकेच म्हणाली, "मग त्या मुलाचे वजन कोणी केले नव्हते का?"

नाही, कोणी केले नव्हते. पालकांनी आपल्या मुलांचे धैर्य मोजण्यापूर्वी त्यांचे वजन मोजावे, आणि मैदानावर ती सोय आहे की नाही हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.