आधी धडा, मग गाईड

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांत अकरावीचे वर्ष अमेरिकी साहित्याचे असते. वर्ष सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच इंग्रजीचे शिक्षक दोन-चार पानांचा एक कागद वाटतात. कोणती पुस्तके वाचायची, घरून किती वाचून यायचे, चर्चेत बोलण्याला किती गुण, निबंध उशिरा दिला तर काय, दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून खपवले तर काय, आजारपणात बुडालेले काम कसे भरून काढायचे, हे सगळे त्यात असते. पुष्कळदा खाली विद्यार्थ्याची आणि पालकाची सहीही घेतात. आपल्याला हा प्रकार जरा कोर्टकचेरीचा वाटतो. कवितेच्या तासाला करारनामा कशाला? पण अमरावती-अकोल्यातल्या बारावीच्या वर्गाला नियम नाहीत, असे थोडेच आहे? ते फक्त कुणी लिहून दिलेले नाहीत. धडा वाचला नाही तरी चालेल, उत्तर पाठ हवे. तासाला फार प्रश्न विचारू नयेत, पोर्शन मागे पडतो. मत मागितले तर गाईडमधले द्यावे. हे नियम कोणत्याही छापील कागदाहून कडक पाळले जातात, आणि त्यांची किंमत कोण मोजतो याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

बारावीच्या 'युवकभारती' या इंग्रजीच्या पुस्तकात अमेरिकी साहित्य चांगलेच आहे. 2020 साली आलेल्या या पुस्तकात वॉल्ट व्हिटमनची 'साँग ऑफ द ओपन रोड' आहे, एडगर गेस्टची कविता आहे, ओ. हेन्रीची 'द कॉप अँड द अँथम' ही कथा आहे. निवड उत्तम आहे. व्हिटमनने 1855 मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' पदरमोड करून छापले आणि पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ही रस्त्याची कविता घातली. घरात बसून केलेल्या कुरकुरी, ग्रंथालये आणि किरकिरी टीका मागे टाकून मोकळ्या वाटेला लागलेल्या माणसाची ती कविता. आता परीक्षेत तिचे काय होते ते पाहा. रसग्रहणाला चार गुण. मुद्दे ठरलेले: कवी आणि शीर्षक, आशय, भाषा आणि अलंकार, संदेश, आणि शेवटी विद्यार्थ्याचे स्वतःचे मत. हे स्वतःचे मत बाजारात तयार मिळते. कविता आपल्याला का आवडली, तिच्यातून कोणती प्रेरणा मिळाली, याची चार वाक्ये गाईडमध्ये छापलेली असतात, झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्या प्रती निघतात, आणि वेगवेगळ्या गावांतल्या मुलांना ती कविता शब्दशः एकाच कारणासाठी आवडते. मळलेली वाट सोडायला सांगणाऱ्या कवितेचे एवढे काटेकोर पाठांतर व्हावे, ही थट्टा व्हिटमनलाही सुचली नसती.

ओ. हेन्रीच्या कथेचे नुकसान याहून मोठे आहे. न्यूयॉर्कमधला बेघर सोपी हिवाळ्यात उबेची सोय व्हावी म्हणून तुरुंगात जाऊ पाहतो. फुकट जेवायचा प्रयत्न करतो, दुकानाची काच फोडतो, रस्त्यात धिंगाणा घालतो, पण पोलीस काही त्याला धरत नाही. शेवटी चर्चमधून ऑर्गनचे सूर ऐकून त्याला सुधारायची इच्छा होते, आणि नेमका तेव्हाच तो पकडला जातो. ही कथा लिहिणारा माणूस स्वतः अफरातफरीच्या गुन्ह्यात ओहायोच्या तुरुंगात तीन वर्षे काढून आलेला होता. कथेचा सगळा जीव शेवटच्या काही ओळींत आहे. पण ज्याने आधी प्रश्नोत्तरे वाचली, त्याला शेवट पहिल्याच दिवशी कळलेला असतो, 'आयरनी'ची व्याख्याही पाठ असते. मग कथा वाचायचे कारणच काय उरले? गाईड वाईट आहे असे इथे म्हणायचे नाही. उजळणीला ते उपयोगी आहे, आणि ज्याच्या घरी इंग्रजी विचारायला कुणी नाही त्याला तर आधारच आहे. बिघडतो तो क्रम.

म्हणून वऱ्हाडातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजीच्या शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीला एकच पान लिहून द्यावे, आणि ते मराठीत द्यावे, असे माझे म्हणणे आहे. इंग्रजी विषयाचे नियम मराठीत का, असे कुणी विचारील. नियम कळण्यासाठी असतात आणि परीक्षा साहित्याची आहे, नियमांची नव्हे, एवढे उत्तर पुरे. धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्या ज्या मुलाच्या घरात कोरकू बोलली जाते, त्याला तर मराठीही शाळेत शिकावी लागलेली असते. त्या पानावर पहिली ओळ असावी: धडा वर्गात पूर्ण वाचून होईपर्यंत त्याचे कोणतेही तयार उत्तर वर्गात येणार नाही, विद्यार्थ्याच्या वहीतून नाही आणि शिक्षकाच्या फळ्यावरूनही नाही. ओ. हेन्रीची कथा शेवटच्या परिच्छेदाआधी थांबवावी आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाने दोन ओळींत लिहावे, हवे तर मराठीत. त्या दोन ओळी चुकल्या तरी त्याच मुलाच्या असतात. रसग्रहणातले शेवटचे मतही वर्गात बसून, पुस्तक उघडे ठेवून लिहायचे. ते गाईडमधून किंवा मोबाइलवर चॅटजीपीटीला विचारून आणले असेल तर शिक्षा नको; ते परत द्यावे आणि तिथल्या तिथे पुन्हा लिहायला सांगावे. नक्कल करणारे पोर बहुधा लबाड नसते, आपल्या मोडक्या इंग्रजीची त्याला लाज वाटत असते. दंड केला की ती लाज वाढते, आणि लाज वाढली की नक्कलही वाढते.

उशीर आणि गैरहजेरी यांच्या बाबतीत अमेरिकी कागद जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिकडे पुष्कळ ठिकाणी उशिरा दिलेल्या कामाचे दर दिवसाला गुण कापतात. इकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्हाटी फुटली की वेचणीला मजूर मिळत नाही, आणि दर्यापूर-अकोटच्या कितीतरी घरांत पोरंच वावरात उतरतात. बोर्डाचा नियम 75 टक्के हजेरीचा. या नियमाला दोन गैरहजर मुले सारखीच दिसतात: एक कापूस वेचायला गेलेले आणि दुसरे नीटच्या क्लासला गेलेले. व्यवहारात पहिल्याची गैरहजेरी वहीवर लागते आणि दुसऱ्याची अनेकदा समजून घेतली जाते, कारण दुसऱ्याचा निकाल कॉलेजच्या फलकावर झळकणार असतो. त्या पानावर हे स्पष्ट असावे की वेचणीच्या दिवसांत बुडालेला धडा दिवाळीनंतरच्या ठरलेल्या तासिकांना वाचून घेतला जाईल आणि त्या कामाचा एकही गुण कापला जाणार नाही. सवलत लेखी असली की ती सगळ्यांची होते. तोंडी सवलत ज्याला मागायला जमते त्यालाच मिळते, आणि मागायला जमणे हे बहुधा घरच्या परिस्थितीवर ठरते. मला वाटते, नियम लिहून देण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे.

ऐंशी विद्यार्थ्यांच्या तुकडीत हे सगळे कसे करायचे, हा आक्षेप खरा आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकादमीत 1930 साली एडवर्ड हार्कनेसच्या देणगीतून सुरू झालेल्या पद्धतीत डझनभर मुले लंबगोल टेबलाभोवती बसून पुस्तकावर बोलतात. त्याचे कौतुक करून उपयोग नाही. आपल्या पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत ऐंशीजणांनी बोलायचे ठरवले तर एकेकाच्या वाट्याला अर्धे मिनिट जेमतेम येते. पण चर्चा म्हणजे प्रत्येकाने रोज बोलणे, असे कुणी सांगितले? बाकाबाकावर तिघे-चौघे एका कडव्यावर बोलतील, पाच बाके उठून सांगतील, दुसऱ्या दिवशी दुसरी पाच. कोणाची पाळी कधी, हे महिन्याच्या सुरुवातीला भिंतीवर लागलेले असेल, तर शेवटच्या बाकावरच्या मुलीचाही नंबर येतो. नाहीतर वर्षभर पहिल्या दोन रांगाच वर्ग चालवतात.

दुसरा आक्षेप गुणांचा. बारावी सायन्सच्या मुलाला इंग्रजीत पास व्हायचे आहे, त्याचे भवितव्य नीट किंवा जेईईवर आहे. त्याला व्हिटमन हवाय कशाला? हा युक्तिवाद प्रामाणिक आहे, आणि त्या मुलाला साहित्याची गोडी लावतो अशी फुशारकी कोणी मारू नये. पण बोर्डाच्या 100 पैकी 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 तोंडी परीक्षेचे. लेखीत न पाहिलेला उतारा असतो, त्याचा सारांश असतो. त्याचे उत्तर कोणत्याही संचात छापून मिळत नाही. ज्याने वर्षभर धडे स्वतः वाचले त्याचे तिथे अडत नाही. आणि तोंडीचे 20 गुण कॉलेजच्या हातात आहेत. आज हे गुण बहुतेक ठिकाणी खिरापतीसारखे वाटले जातात. ते वर्गात बोलण्याला आणि वर्गात लिहिलेल्या मतांना जोडले तर एका पानाच्या नियमांना वजन येते, त्यासाठी पुण्याहून परिपत्रक यायची वाट पाहावी लागत नाही.

आणि अमेरिकी साहित्याचा वऱ्हाडाशी संबंध काय, असे म्हणणाऱ्याने 1861 साल आठवावे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, गुलामांच्या श्रमावर पिकलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले, ज्वारीच्या जमिनी कपाशीखाली गेल्या. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. युद्ध 1865 मध्ये संपले आणि भाव कोसळले, पण कपाशी राहिली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडाला धान्य विकत घ्यायची वेळ आली, त्यामागे ही गोष्टही होती. याच युद्धात व्हिटमन जखमी भावाच्या शोधात निघाला आणि पुढे वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी शिपायांच्या खाटांशी बसून त्यांची पत्रे लिहीत राहिला. युद्धानंतर आठच वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. आज वावरात उभी असलेली बहुतांश कपाशीही अमेरिकी जातीचीच आहे. इतके धागे हाताशी असताना व्हिटमनच्या धड्याआधी कवीच्या जन्म-मृत्यूची सने पाठ करून घेणे म्हणजे वेळेचा अपव्यय. पानावरची एक ओळ यासाठीही ठेवता येईल: प्रत्येक धड्याला आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट जोडून आणायची.

उरतो तो सर्वांत गंभीर आक्षेप. नियमांनी साहित्य शिकवता येत नाही, उलट नियम हे वाचन रोखायचे हत्यार होते. हे अमेरिकेतच वारंवार घडले आहे. 'हकलबेरी फिन' 1885 मध्येच कॉन्कॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हद्दपार केले; शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढण्याचा वाद 1982 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काय वाचू नये हे सांगणारा नियम आणि आपण कसे वाचू हे सांगणारा नियम यांत फरक आहे, आणि तो फरक टिकवायचा असेल तर नियम दोन्ही बाजूंना लागू हवेत. गंमत म्हणजे बारावीच्याच पुस्तकात याचा नमुना आहे. ई. आर. ब्रेथवेट यांची 1959 ची 'टू सर, विथ लव्ह' अमेरिकी नाही. गयानात जन्मलेला, ब्रिटिश हवाई दलात लढलेला, आणि कातडीच्या रंगामुळे इंजिनिअरची नोकरी न मिळालेला हा माणूस लंडनच्या ईस्ट एंडमधल्या दंगेखोर वर्गावर शिकवायला जातो. त्याचा वर्ग वळणावर येतो तो नियमांनीच: मुलींना 'मिस' म्हणायचे, एकमेकांना माणसांसारखे बोलायचे. पण त्या शाळेत मुले दर आठवड्याला लेखी सांगतात की या आठवड्यात काय शिकलो, शिक्षकांचे काय पटले, काय नाही. आणि शिक्षकांना ते वाचावे लागते. या कादंबरी-विभागाला आपल्या कृतिपत्रिकेत 16 गुण आहेत. मुले पात्रांची नावे आणि स्वभाववैशिष्ट्ये पाठ करतात, आणि ज्या वर्गात करतात तिथे अशी चिठ्ठी कुणी मागत नाही. शुक्रवारच्या तासाची शेवटची पाच मिनिटे यासाठी ठेवली, तर ऐंशी चिठ्ठ्या जमतात. वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो. कोणत्या कडव्याला अर्धा वर्ग अडला, कोणाला ऐकूच येत नाही, कोणाचे पुस्तकच अजून आलेले नाही, हे त्यातून सोमवारच्या आधी कळते. आणि नोव्हेंबरात एखादा पालक पोर्शन का मागे आहे असे विचारत आला, तर प्राचार्यांनी शिक्षकाला बोलावण्याआधी तेच एक पान त्या पालकासमोर ठेवावे.