करडे बीड, पांढरे बीड

मुलांनो, शिवणयंत्राचे जड चाक तुम्ही पाहिले असेल. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. सिलिकॉन पुरेसे असेल, तर हा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. तुमच्या पेन्सिलीतही ग्राफाइटच असते. असे करडे बीड लेथवर सहज कापले जाते. सिलिकॉन कमी पडले, तर कार्बन लोखंडाशीच संयोग पावतो. मग बीड पांढरे व फार कठीण होते. हत्याराची धार जाते, कारागिराचे श्रम वाया जातात. म्हणून कारखान्यात आधी लहानसा तुकडा ओततात आणि मोडून पाहतात. आत पांढरा भाग जास्त दिसला, की रसात सिलिकॉन वाढवतात. एक-दोन टक्क्यांनीही किती फरक पडतो, पाहिलेत ना?